जंतूंवरची दोन औषधं एकाच वेळी चालू असतील तर: कोकणातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या घरात जंतूंवरची किती औषधं एकदम चालू असतात, ते बघा. लावणीला उतरणाऱ्यांसाठी लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिन. भिजून भिजून जांघेत पसरलेल्या गजकर्णावर तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी लिहिलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल. आजोबांच्या टीबीच्या सरकारी गोळ्या. आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगेत उरलेलं अझिथ्रोमायसिनचं पाकीट, जे कुणाचाही घसा धरला की पहिलं बाहेर येतं. यातलं प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर असू शकतं. पण एक कागद प्राथमिक आरोग्य केंद्राचा, दुसरा कणकवलीचा, तिसरा मुंबईचा, आणि चौथ्याला कागदच नाही. चारही औषधं एकदम पाहिलेला डॉक्टर कुठेच नसतो.

मी फार्मासिस्ट आहे आणि औषधांच्या दुकानात उभा राहून हे रोज बघतो. बहुतेक वेळा घोळ होतो तो सगळी पाकिटं कुणा एका जाणत्या माणसाच्या नजरेखाली न आल्यानं. ते काम घरातल्यांनीच करावं लागतं. कसं करायचं, ते इथे क्रमानं सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. हे वाचून कुठलीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. टीबीची तर अजिबात नको. दोन औषधांचं जमत नाही अशी शंका आली, तर विचारायचं. काय बदलायचं ते डॉक्टर ठरवतील.

पहिलं काम: घरातली सगळी औषधं एका जागी आणा

एक ताट घ्या आणि ज्याचं बघायचंय त्या माणसाची सगळी पाकिटं, बाटल्या, मलमं त्यात ठेवा. "अँटिबायोटिक चालू आहे का?" असं विचारलं की लोक "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त तापाच्या गोळ्या असतात. जंतूंवरचं औषध म्हणजे जिवाणूंवरचं, बुरशीवरचं, मलेरियावरचं, जंतांवरचं, विषाणूंवरचं, सगळंच. त्यामुळे सहज विसरली जाणारी औषधं आठवून आठवून ताटात टाका.

आशाताईंनी दिलेली लेप्टोची गोळी ही त्यातली पहिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्यामुळे तिला कुणी औषध धरतच नाही. संधिवातासाठी रोज घेतली जाणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मुळात मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली गोळी, ती दुसरी. कुष्ठरोगाच्या पाकिटात तर रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन अशी तीन औषधं एकत्र असतात. दवाखान्यात टोचलेलं इंजेक्शनही मोजायचं. त्याचं नाव माहीत नसेल तर तिथेच विचारून कागदावर लिहून आणा.

गेल्या काही आठवड्यांत संपलेले कोर्सही लिहा. गोळ्या संपल्या म्हणजे औषध अंगातून गेलं असं नसतं. अझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स झाला तरी ते पुढे कित्येक दिवस पेशींमध्ये टिकतं. क्लोरोक्विन कित्येक आठवडे रेंगाळतं. रिफाम्पिसिन स्वतः लवकर बाहेर पडतं, पण त्यानं यकृतात केलेला बदल (तो तिसऱ्या कामात सांगितलाय) पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

दुसरं काम: मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातलं वाचा

पाकिटावर ठळक छापलेलं असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खरं औषध त्याच्या खाली, बारीक अक्षरात. टॅक्सिम-ओ आणि झिफी ही नावं ऐकून दोन वेगळी औषधं वाटतात, पण दोन्हींत सेफिक्झिमच आहे. देवगडच्या डॉक्टरांनी एक दिलं, दोन दिवसांनी मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर दुसरं सांगितलं, की त्या माणसाच्या पोटात सेफिक्झिमचा दुप्पट डोस जातो.

जुलाबाच्या गोळ्यांत हे फार होतं. नॉरफ्लॉक्स-टीझेडमध्ये नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल, ओटू नावाच्या गोळीत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल, आणि मेट्रोजिलमध्ये मेट्रोनिडॅझोल. टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल, मेट्रोनिडॅझोल ही सख्खी भावंडं आहेत. नॉरफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिनही तशीच. "एकीनं थांबेना म्हणून दुसरी सुरू केली" असं कुणी सांगतं, तेव्हा एकाच घराण्याची औषधं दुप्पट झालेली असतात. जुलाब तर थांबत नाहीतच, वर मळमळ, तोंडाला धातूसारखी चव आणि चक्कर सुरू होते.

ओळखायला सोपी खूण सांगतो. नावाच्या शेवटी '-फ्लॉक्सासिन' असेल तर ते एक घराणं, '-निडॅझोल' किंवा '-इनिडॅझोल' हे दुसरं, '-कोनॅझोल' हे बुरशीवरचं तिसरं, '-सायक्लिन' चौथं. नाव 'सेफ' किंवा 'सेफा'नं सुरू होत असेल तर पाचवं. एकाच घराण्याची दोन औषधं ताटात दिसली, तर दुसरी गोळी घेण्याआधी फोन करा.

तिसरं काम: टीबीचे उपचार चालू आहेत का, ते सगळ्यांत आधी सांगा

इथे जास्त वेळ थांबतो, कारण या एका गोष्टीइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

टीबीच्या रोजच्या गोळीत सुरुवातीचे दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. त्यातलं रिफाम्पिसिन यकृतातल्या औषधं मोडून टाकणाऱ्या यंत्रणेला प्रचंड चालना देतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हा वेग चढत जातो आणि मग उपचार संपेपर्यंत तसाच राहतो. त्या काळात तोंडानं घेतलेली बरीच औषधं रक्तात पोहोचण्याआधीच मोडली जातात.

सगळ्यांत वाईट गत होते इट्राकोनॅझोलची. रिफाम्पिसिन चालू असताना त्याचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ नाहीसं होतं. आपल्या दमट हवेत गजकर्ण घराघरात आहे, खलाशांमध्ये तर फारच. टीबीचा रुग्ण महिनाभर महागडी कॅप्सूल खातो, खाज तशीच राहते, मग डॉक्टर बदलतो आणि नवीन डॉक्टर डोस वाढवतात. टीबीची गोष्ट कुणी बोलतच नाही, कारण तो आजार लपवायची आपल्याकडे सवय आहे. टर्बिनाफिनही रिफाम्पिसिनमुळे शरीरातून लवकर बाहेर पडतं. फ्लुकोनॅझोल त्या मानानं कमी घटतं. अशा वेळी नुसतं लावायचं मलम पुरेसं ठरू शकतं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात टीबीचं सांगा. मलम घेताना मात्र त्यात स्टिरॉइड मिसळलेलं नाही ना, ते बघा. तशा मलमानं खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण दुप्पट जोमानं पसरतं.

डॉक्सिसायक्लिनचंही रक्तातलं प्रमाण रिफाम्पिसिनमुळे घटतं. काही आजारांत डॉक्टर ही जोडी विचार करून देतात, त्यामुळे ती निषिद्ध नाही. पण टीबीचे उपचार घेणारी व्यक्ती लावणीला उतरणार असेल आणि आठवड्याच्या एका गोळीवर भरवसा ठेवणार असेल, तर आरोग्य केंद्रात ते आधी बोलायला हवं. शक्य असेल तर त्या वर्षी चिखलात उतरूच नये. उतरावंच लागलं तर गमबूट आणि पायाच्या जखमांवर पक्की पट्टी, यात तडजोड नको.

मलेरियाच्या काही औषधांचंही असंच आहे. क्विनिन आणि आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन ही दोन्ही रिफाम्पिसिनमुळे कमी पडू शकतात. टीबीच्या रुग्णाला मलेरिया निघाला, तर रक्ताचा रिपोर्ट घेऊन परस्पर गोळ्या घेऊ नका, टीबीचं कार्ड बरोबर न्या.

एचआयव्हीच्या औषधांबाबत हा हिशेब चोख ठरलेला आहे. डोल्युटेग्राव्हिर एरवी दिवसातून एकदा ५० मिलिग्रॅम घेतात. रिफाम्पिसिन चालू असताना ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावं लागतं, आणि टीबीची शेवटची गोळी झाल्यावरही दोन आठवडे तसंच चालू ठेवतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, केंद्रात हे लिहून देतात. घोटाळा होतो तो टीबीचे उपचार एका ठिकाणी आणि एआरटी दुसऱ्या ठिकाणी असेल तेव्हा. दोन्ही ठिकाणी दोन्ही कार्डं दाखवा.

उलट बाजूही आहे. ज्या खोकल्याचं निदान अजून झालेलं नाही, त्यावर लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी परस्पर घेऊ नका. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं. चार दिवस बरं वाटतं, थुंकीची तपासणी फसू शकते, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा हेच औषध निकामी झालेलं असू शकतं.

चौथं काम: दोघांचा मार एकाच अवयवावर बसतोय का, ते बघा

हृदयापासून सुरू करू. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, क्लोरोक्विन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, क्विनिन, ल्युमेफँट्रिन, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठीचं बेडाक्विलिन. ही औषधं वेगवेगळ्या आजारांवरची असली, तरी प्रत्येक जण हृदयाच्या ठोक्यानंतर विजेचा प्रवाह पूर्ववत व्हायचा वेळ कमी-जास्त लांबवतो. ईसीजीवर तो दिसतो. एकच औषध असेल तर धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. दोन-तीन जमली, त्यात उलट्या-जुलाबांनी अंगातलं पोटॅशियम उतरलेलं असलं, वय झालेलं असलं, की ठोका बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो.

आता पावसाळ्यातली एक आजी डोळ्यांपुढे आणा. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोजचीच. गजकर्णासाठी आठवड्याला फ्लुकोनॅझोल. ताप-खोकला आला म्हणून नातवानं आणून दिलेलं अझिथ्रोमायसिन. उलटी होते म्हणून ऑन्डान्सेट्रॉन, जे जंतूंवरचं नाही पण याच यादीत बसतं. चार हात एकाच दोरीला ओढतायत आणि कुणालाच त्याची कल्पना नाही. या यादीतली दोन नावं ताटात दिसली आणि माणूस साठीपुढचा असेल, हृदयविकाराचा असेल किंवा जुलाबांनी गळून गेलेला असेल, तर डॉक्टरांना "ईसीजी काढायचा का?" एवढं स्वतःहून विचारा. विचारल्याचा राग कुठलाही शहाणा डॉक्टर मानत नाही.

यकृताचं बघू. टीबीच्या चारपैकी तीन औषधं यकृतावर ताण देतात. त्यात केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटची भर पडली की तो वाढतो. आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. लेप्टोमध्येही कावीळ होते, त्यामुळे कावीळ आजाराची की औषधाची हे घरी कळत नाही. रिफाम्पिसिननं लघवी पहिल्या दिवसापासून नारिंगी होते, म्हणून लघवीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघा. तो पिवळा दिसला, भूक एकदम मेली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

मूत्रपिंड आणि कान हा मुख्यतः इंजेक्शनांचा विषय. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांच्या जोडीला व्हँकोमायसिन, कोलिस्टिन किंवा अँफोटेरिसिन आलं की मूत्रपिंडाला धोका वाढतो. लेप्टो स्वतः मूत्रपिंडच धरतो, म्हणून तशा तापात डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं परस्पर घेणं फारच वाईट. लघवी कमी झाली किंवा कानात आवाज यायला लागला, तर नर्सना लगेच सांगा.

नसांचं थोडक्यात: आयसोनियाझिड, मेट्रोनिडॅझोल आणि लिनेझोलिड तिघंही हातापायांना मुंग्या आणू शकतात. मुंग्या आल्या तर अंगावर काढू नका.

रक्ताच्या बाबतीत दोन जोड्या लक्षात ठेवा. को-ट्रायमॉक्सॅझोल, म्हणजे सेप्ट्रान, रोज घेणाऱ्याला मलेरियासाठी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन असलेली गोळी देत नाहीत, कारण दोन्हींची जात आणि काम एकच. आणि व्हायव्हॅक्स मलेरियात १४ दिवस प्रायमाक्विन चालू असताना डॅप्सोन किंवा सेप्ट्रानही चालू असेल, तर जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली तर प्रायमाक्विनची पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा. सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला हा एवढाच अपवाद.

डॉक्टर मुद्दामच दोन औषधं देतात तेव्हा

हे वाचून कुणाला दोन अँटिबायोटिक लिहिलेला कागद बघूनच धास्ती वाटेल, म्हणून हे सांगतो. पुष्कळ जोड्या विचारपूर्वक बांधलेल्या असतात. टीबीत एकच औषध दिलं तर जंतू महिन्या-दोन महिन्यांत त्याला सरावतात, म्हणून तिथे चार लागतात. अमॉक्सिसिलिनबरोबरचं क्लॅव्ह्युलनेट जंतूंची ढाल मोडतं. मलेरियात आर्टिमिसिनिन घराण्याच्या गोळ्या एकट्या देतच नाहीत.

काही जोड्या मात्र उलट्याही पडतात. १९५१ साली मेंदूज्वराच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नुसतं पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा पेनिसिलिनबरोबर टेट्रासायक्लिन घराण्याचं औषध दिलेल्यांमध्ये मृत्यू अधिक झाले. कारण समजण्यासारखं आहे: पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूंना मारतं, आणि दुसऱ्या औषधानं तर ती वाढच थांबवली. तेव्हापासून जंतू मारणारं आणि त्यांची वाढ थांबवणारं औषध एकत्र देऊ नये, हा नियम पाठ्यपुस्तकांत बसला. पण तो जशाच्या तसा सगळीकडे लागू होत नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्गात ताप घेऊन कुणी रुग्णालयात गेलं, लेप्टो आहे की स्क्रब टायफस (झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप) हे लगेच कळत नसलं, तर डॉक्टर सेफ्ट्रिअॅक्झोन आणि डॉक्सिसायक्लिन दोन्ही सुरू करतात, आणि ते योग्यच असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या अभ्यासात तर गंभीर स्क्रब टायफसमध्ये शिरेतून दिलेली डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिनची जोडी, एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली. तीच जोडी घरी, घशासाठी, मनानं घेतली तर तिला काही आधार नाही.

पाचवं काम: वेळा लिहून काढा

डॉक्सिसायक्लिन आणि '-फ्लॉक्सासिन' गोळ्या दूध, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, झिंक आणि पित्तावरचं पांढरं औषध यांच्याबरोबर पोटात गेल्या, की त्यांना चिकटून बसतात आणि रक्तात कमी जातात. अँटिबायोटिक आधी, आणि ही मंडळी निदान दोन तासांनी. ती आधी घेतली गेली असतील, तर मध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. ही गोळी आणि '-फ्लॉक्सासिन' दोन्हींनी उन्हात कातडी भाजते. दोन्ही एकदम असतील तर शेतात किंवा होडीवर अंगभर कपडे हवेत. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना लेप्टोची ही गोळी परस्पर देऊ नका.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल मात्र जेवल्याबरोबर घ्यायची असते आणि तिला पोटात आम्ल लागतं. प्रत्येक कागदावर सवयीनं पडणारी पँटोप्राझोलची गोळी तिचा परिणाम कमी करते. पित्ताची गोळी खरंच हवी का, ते विचारून घ्या.

सहावं काम: एक कागद, एक वाक्य

वहीच्या पानावर चार रकाने करा: औषधाचं बारीक अक्षरातलं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कुठल्या डॉक्टरांनी. खाली अॅलर्जी, साखर, रक्तदाब आणि चालू असलेली बाकी औषधं, विशेषतः रक्त पातळ करणारी आणि गर्भनिरोधक. रिफाम्पिसिन त्यांनाही निकामी करू शकतं. पानाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू दे. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जातात, तेव्हा केसपेपर घरी राहतो आणि फोटो बरोबर असतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर लक्षणांआधी हे वाक्य बोला: "माझं हे जंतूंवरचं औषध आधीपासून चालू आहे, याच्याबरोबर नवीन चालेल का?" दुकानात आलात तरी तेच विचारा. बऱ्याच महत्त्वाच्या अँटिबायोटिकांची आणि टीबीच्या औषधांची विक्री २०१४ पासून वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. त्यामुळे चिठ्ठी मागितली तर रागावू नका. "घरात आसा गोळी, तीच घेतंय" हे मालवणी वाक्य मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतं. ती गोळी कुणाची, कशासाठीची, आणि तिच्याबरोबर दुसरं काय चालू आहे, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

वाट न बघता निघायचं कधी

चक्कर येऊन पडणं किंवा छातीत विचित्र धडधड. डोळे पिवळे होणं. लघवी फार कमी किंवा गडद लाल-काळी होणं. अंगावर फोड येणं, तोंड-डोळे सोलवटणं. ओठ किंवा चेहरा सुजून श्वास लागणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा आणि औषधांचं ताट जसंच्या तसं पिशवीत घालून बरोबर न्या, रिकामी पाकिटंसुद्धा. पाकीट कापताना नाव आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवायची सवय लावा. अर्ध्या कापलेल्या, नाव नसलेल्या पट्टीवरून रुग्णालयात कुणालाच काही कळत नाही.

त्रास औषधानं झाला असं वाटलं, तर तो कळवण्यासाठी देशभर १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण किंवा घरचेही त्यावर सांगू शकतात, डॉक्टरच हवेत असं नाही. बोलताना दोन्ही औषधांची नावं, पाकिटावरचा बॅच नंबर आणि त्रास सुरू झाल्याची तारीख समोर ठेवा.